लाइट असताना पेटवलेली मेणबत्ती

घरात लाइट असताना कुणी मेणबत्ती पेटवली की इंदूरमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "वाढदिवस कुणाचा?" दुसरा, "लाइट गेले का?" दुसरा जास्त वेळा येतो आणि तो खिडकीतूनही येतो. आमच्या समोरचे अंकल गॅलरीतून हाक मारतात, "भाभीजी, सिर्फ आपके यहाँ गई है क्या?" त्यांच्या घरात सगळे दिवे लख्ख असतात. तरी विचारण्यातली काळजी खरी असते, म्हणून मीही दरवेळी गॅलरीत जाऊन सांगते की नाही हो, आम्ही सहजच लावली आहे. "सहज" म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

त्यांचं चुकत नाही. आमच्या पिढीतल्या इंदूरकरांच्या डोक्यात मेणबत्तीची जागा ठरलेली आहे. नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षं मध्य प्रदेशात वीज इतकी जायची, की २००३ ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या तीन गोष्टींभोवतीच फिरली. त्या काळी प्रत्येक घरात फ्रिजवर किंवा देवघराच्या कोनाड्यात पांढऱ्या, बारीक मेणबत्त्यांचं पाकीट असे. बशीत चार थेंब गाळायचे, ते गोठायच्या आत बूड टेकवायचं आणि त्या उजेडात भूगोलाचा पेपर पाठ करायचा. वास यायचा तो विझवल्यावर, जळक्या वातीचा. ती मेणबत्ती कामाची वस्तू होती. वीज आली की घरातले सगळे एका सुरात "आऽऽली" म्हणत आणि कुणीतरी लगेच फुंकर मारून ती विझवत असे, कारण उगाच जळायला नको.

माझ्या टेबलावर आज जी आहे, ती अगदी उगाच जळते. जाड काचेची बरणी, वर लाकडी झाकण, आत फिक्या सायीच्या रंगाचं मेण, वास वाळ्याचा आणि त्यावर लिंबाच्या सालीचा. ती ना अंधारासाठी आहे, ना केकवरची, ना देवासाठी. यातलं तिसरं आमच्या घराला पचायला सगळ्यांत जड गेलं.

सुगंधाशी आमचं वैर नव्हतंच कधी. पण सुगंध कुणाचा, याचा हिशेब पक्का होता. देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही, हुंगलं की ते बाद. मोगऱ्याचा गजरा हातात आला तरी नाक लांब ठेवायचं, आधी देवीला, मग आपल्या केसांत. उदबत्ती देवापुढे, धूप देवापुढे आणि मग सगळ्या घरात फिरवायचा. आपल्या वाट्याला जो वास येई तो देवाच्या घरून उरलेला. माणसांसाठी म्हणून अत्तर बाहेर निघे ते हळदीकुंकवाला, लग्नात, नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला. म्हणजे प्रसंगाला. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, कुणी येणार नसताना, फक्त आपल्या नाकासाठी काही जाळायचं ही गोष्ट आमच्या सासूबाईंना पहिल्यांदा पाहून थोडी चोरटीच वाटली. "आधी देवापाशी तरी ने," त्या म्हणाल्या. मी नेली नाही. उद्धटपणा म्हणून नाही. ती देवाची नव्हतीच, आणि देवाच्या नावावर आपली हौस खपवायची हे मला अधिक वाईट वाटतं. आपण ते पुष्कळ करतो.

या मेणबत्तीच्या आनंदातला मोठा वाटा या न वाहिलेपणाचा आहे, असं माझं मत आहे. वास छान असतोच, पण तसा तर राजवाड्यामागच्या गल्लीतल्या अत्तरवाल्याकडेही मिळतो, आणि स्वस्तात.

स्वस्ताचा विषय निघालाच आहे तर पैशांचं बोलून टाकू. या प्रकारातलं एक जगप्रसिद्ध नाव म्हणजे पॅरिसचं दिप्तीक. १९६१ मध्ये तिघा कलावंत मित्रमैत्रिणींनी बुलेव्हार्ड सां-जर्मेंवर कापड आणि शोभेच्या वस्तूंचं दुकान काढलं आणि १९६३ मध्ये पहिल्या सुगंधी मेणबत्त्या विकायला ठेवल्या. त्यांची नेहमीची मेणबत्ती १९० ग्रॅमची, आणि ती सुमारे ६० तास चालते असं कंपनी सांगते. सात हजार रुपये धरले तर तासाला ११७ रुपये पडले. आता आपल्याकडेही चांगल्या बनवतात. हजार रुपयांना चाळीस तास धरले तर तासाला २५. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नशी तुलना केली की दोन्ही आकडे सोसतात आणि घरच्या वरणभाताशी केली की एकही सोसत नाही. मी सोयीप्रमाणे तुलना करते. पॅरिसची एक माझ्याकडे भेट म्हणून आली होती. ती जळत असताना मी फोन घेतला नाही, भाजी निवडली नाही, इतकंच काय, शेजारणीला सुद्धा "जरा वेळाने या" म्हटलं. पंचविसाची जळत असते तेव्हा मी हे सगळं करते. तेव्हा महागाचा आनंद जास्त की स्वस्ताचा, हे मला ठरवता आलेलं नाही.

या बरण्यांतल्या मेणाची गोष्ट मात्र इंदूरकराने ऐकायलाच हवी. पूर्वी युरोपात गोरगरीब जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्या जाळत आणि त्यांना खवट वास मारे. मधमाश्यांचं स्वच्छ मेण चर्चला आणि राजवाड्यांना. पॅरिसच्या त्रुदों घराण्याचा मूळपुरुष १६४३ मध्ये वाणसामान आणि मेणबत्त्या विकत होता आणि पुढे त्याच घराण्याच्या मेणबत्त्या व्हर्सायच्या राजवाड्यात गेल्या. एकोणिसाव्या शतकात चरबीतून वेगळं काढलेलं घट्ट स्टिअरिन आलं, मग कच्च्या तेलातून निघणारं पॅराफिन आलं आणि मेणबत्ती स्वस्त झाली. आपल्या लोडशेडिंगवाल्या बारीक बहिणी या पॅराफिनच्या. आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत सोयाबीनच्या तेलाचं मेण आलं. आज ‘नॅचरल’ असं कोरीव अक्षरात लिहिलेल्या किती तरी बरण्यांमध्ये हेच असतं.

सोयाबीन! माळव्यातल्या माणसाला सोयाबीनचं कौतुक सांगायचं म्हणजे कोल्हापुरात गुळाचं. आमच्या काळ्या मातीत जूनअखेर पेरायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी होऊन गळली की काढायचं, आणि मग इंदूरच्या छावणी मंडीत भाव काय फुटला यावर निम्म्या माळव्याची दिवाळी ठरायची. १९८७ पासून सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच आहे. दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के, बाकीची पेंड. तिला इथे व्यापारी डीओसी म्हणतात आणि तिचा भाव तेलाइतकाच गंभीरपणे बोलला जातो. त्या तेलात हायड्रोजन घातला की ते घट्ट होतं. हीच प्रक्रिया वापरून आपल्याकडे वनस्पती तूप बनवत आले. म्हणजे व्हर्सायच्या नावाने हळवं होऊन आपण जे जाळतो ते नात्याने डालड्याचं चुलत भावंड निघतं. माझ्या एका मामेभावाची सांवेरकडे शेती आहे. त्याला मी बरणीवरचं ‘शंभर टक्के सोया’ वाचून दाखवलं आणि किंमत सांगितली. तो बराच वेळ बरणी फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, आमच्या क्विंटलला हा भाव नाही गं मिळत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने मात्र झाकण उघडून दोनदा वास घेतला.

सोयाचं मेण तापमानाला हळवं असतं. बरणीत ओतायचा प्रकार साधारण पन्नास अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे मे महिन्यात कुरिअरने मागवली तर उन्हात उभ्या गाडीतून ती एका बाजूला कललेली येऊ शकते. थंडीत वर पांढरी बुरशीसारखी नक्षी धरते. ती बुरशी नसते, मेणाचे स्फटिक असतात. व्हॅनिलाचा अंश असेल तर मेण कालांतराने पिवळट पडतं. आणि ओतल्यावर लगेच पेटवली तर वास पुरा येत नाही, आठवडा-दोन आठवडे मुरावी लागते. दिवाळीआधीच्या मराठी मंडळांच्या प्रदर्शनात घरगुती मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात, त्यांना मी आधी ओतल्याची तारीख विचारते. ज्या बाईला ती पाठ असते तिच्याकडून घेते. अशा बायका ‘कोल्ड थ्रो’ आणि ‘हॉट थ्रो’ असे शब्द सहज वापरतात: न पेटवता बरणीतून येणारा वास आणि पेटल्यावर खोलीभर सुटणारा वास. दुकानात आपण पहिल्यावर भाळतो आणि घरी दुसऱ्याशी संसार करतो. मेणात सुगंधी तेल साधारण सहा ते दहा टक्के असतं. जास्त घातलं म्हणजे जास्त वास असं होत नाही, उलट मेणाला ते पेलत नाही आणि वर घामासारखं तेल सुटतं.

पेटवण्याचंही शास्त्र आहे, आणि ते मला सासूबाईंच्या समईपाशी सापडलं. पहिल्यांदा लावली की वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं, बरणीच्या रुंदीच्या दर इंचाला साधारण तासभर. घाईने अर्ध्या तासात विझवली तर मध्येच विहीर पडते आणि पुढे दरवेळी ज्योत त्याच विहिरीत उतरत जाते, कडेचं मेण तसंच फुकट उरतं. दरवेळी पेटवण्याआधी वातीचं काळं टोक कापायचं, पाव इंच ठेवून. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काजळी झाडायची, त्यात नवीन काय सांगतेस?" बरोबरच होतं. न कापलेल्या वातीवर काजळीचं बोंड धरतं, ज्योत मोठी होते, धूर येतो आणि काच काळी पडते. समईचं, कंदिलाचं आणि या फ्रेंच बाईचं दुखणं एकच.

विझवण्याच्या बाबतीत तर दोन्ही घराणी शब्दश: एक झाली. देवापुढचा दिवा तोंडाने फुंकायचा नाही ही आमच्याकडची शिस्त. वात काडीने तेलात ओढून घ्यायची, ज्योत शांत होते. मेणबत्तीवाले जाणकारही हेच सांगतात: फुंकू नका, धूर होतो, मेण उडतं, वात वाकवून वितळलेल्या मेणात बुडवा आणि पुन्हा सरळ उभी करा. धूर नाही, वातीला मेण लागलेलं, पुढच्या वेळी पटकन पेट घेते. परदेशात त्यासाठी वाकड्या टोकाची खास तार मिळते. मी समईची पितळी काडी उचलली तर सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी बर्तन बाजारातून तशीच एक नवीन काडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. देवाची देवाला, माझी मला. वाद मिटला आणि माझ्या मते फार चांगल्या रीतीने मिटला.

फुंकण्याची मुभा मी एकाच कारणासाठी देते. भाचा आला की. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०–६१ च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसाठी जी व्याख्यानं दिली ती सगळी एका मेणबत्तीवर होती, आणि त्यातला एक प्रयोग कुणालाही घरी करता येतो. मेणबत्ती फुंकायची आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या रेघेला जळती काडी लावायची, वातीपासून जरा उंचावर. ज्योत त्या रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. जळतं ते वातीचं सूत नाही, घट्ट मेणही नाही. वितळून वातीतून चढलेल्या मेणाची वाफ जळते, आणि ती पांढरी रेघ म्हणजे तीच वाफ. भाच्याला दहा वेळा करायचं असतं. दोनदा करू देते. तासाला पंचवीस रुपये.

आता ऋतूचं. या छंदाच्या परदेशी पुस्तिकांमध्ये एक गोष्ट कुणी लिहीत नाही: छताचा पंखा. हिंदुस्थानात सुगंधी मेणबत्तीचा खरा शत्रू तोच. पंख्याखाली ज्योत फडफडते, एका बाजूने जळते, काच काळी होते, आणि वास कुठे जातो ते त्या पंख्यालाच माहीत. एसी लावून दारं-खिडक्या बंद करून लावावी तर बंद खोलीत काही जाळणं बरं नाही, डोकं धरतं. त्यामुळे आमच्याकडे हा छंद कोजागिरीला सुरू होतो आणि होळीपाशी थांबतो. मध्ये पावसाळ्यातल्या काही ओल्या संध्याकाळी मिळाल्या तर बोनस.

पण तो मोसम काय मोसम असतो! उर्दूत बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी वाटणी करून ठेवली आहे: शब-ए-मालवा. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं हे पठार दिवसा तापलं तरी रात्री लवकर निवतं. ऑक्टोबरच्या शेवटी नऊ वाजता एक खिडकी बोटभर उघडी ठेवली तर पुरतं. पंखा बंद केल्यावर घरात जी शांतता पडते तिची आपल्याला सवयच नसते. घड्याळ चालतंय हे तेव्हा कळतं. ज्योत सरळ उभी राहते. पंधरा-वीस मिनिटांत मेणाचं तळं होतं आणि वास खुर्चीपाशी येऊन बसतो. मग काही वेळाने तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. अशा वेळी मी गच्चीत एक चक्कर मारून येते आणि दारातून आत शिरताना तो पुन्हा पहिल्यासारखा भेटतो. रात्री गच्चीत जायला हे एक फार उत्तम निमित्त आहे.

वास कोणता घ्यावा यावर माझी मतं ठाम आहेत आणि ती कुणी विचारत नाही. मोगऱ्याची मेणबत्ती घेऊ नये. ज्याने उन्हाळ्यात ताजा गजरा हुंगला आहे त्याला ती साबणासारखी लागते. केवड्याचीही नको, घर सत्यनारायणाचं होतं. ‘पहिला पाऊस’ नावाची एक घेतली होती, तिला आमच्या काळ्या मातीचा नाही, ओल्या सिमेंटचा वास होता. मला ती तरीही आवडली, कारण इंदुरात आता पहिला पाऊस बहुतेक सिमेंटवरच पडतो. गुलाब भेट द्यायला ठीक. कॉफीची लावली की कॉफी प्यावीशी वाटते, म्हणजे खर्च दुप्पट. लिंबूवर्गीय वास आधी धावत येतात आणि आधीच उडून जातात. लाकूड, मुळं, राळ असले जड वास मागे रेंगाळतात. म्हणून वाळा. माळव्याच्या उन्हाळ्यात ज्यांनी कूलरच्या खसच्या जाळ्यांतून आलेली हवा घेतली आहे त्यांना जानेवारीच्या गारठ्यात वाळ्याचा वास घेताना जी गंमत वाटते ती समजावून सांगता येत नाही. शरीर गोंधळतं. शाल पांघरलेली आणि नाकाला मे महिना.

शिवाय स्वयंपाकघराशी स्पर्धा करू नये. इंदूरच्या घरात हिवाळ्यात गराडू नावाचे कंद तळले जातात आणि वर जीरावन हा मसाला पडतो. त्यापुढे कुठल्याही पॅरिसने गुमान बसावं. एकदा एका घरी गराडू, हिंगाची फोडणी आणि व्हॅनिलाची मेणबत्ती असा त्रिवेणी संगम अनुभवला आहे. जेवणं उरकावीत, ओटा पुसावा, खिडक्या तासभर उघड्या टाकाव्यात आणि मग लावावी. चार तासांहून जास्त नाही, पडद्याजवळ नाही, आणि लावून झोपायचं तर अजिबात नाही.

तळाशी बोटाच्या पेराएवढं मेण राहिलं की थांबायचं, नाहीतर काच तापून तडकते. त्या उरलेल्या मेणावर आमच्या घरात सध्या मतभेद आहेत. बरणी गरम पाण्यात ठेवली की ते सुटून येतं, आणि वाटीत घालून खाली पणती लावली की आणखी चार-पाच संध्याकाळी वास देतं. बरण्यांचं तर विचारूच नका, लवंगा, टाचण्या, भीमसेनी कापूर सगळं त्यांत आहे. पण मेण एकेका वासाचं वेगळं ठेवायचं की नाही? नवरा हिशेबी. त्याने एका रविवारी सगळ्या तळांचं मेण एकत्र वितळवलं: गुलाब, कॉफी, वाळा, सिमेंटचा पाऊस, आणि कुणीतरी दिलेली दालचिनी. जो वास आला तो थेट लग्नाच्या हॉलचा होता, पहिली पंगत उठल्यानंतरचा. मी वाटी बाहेर नेऊन ठेवली. त्याने ती परत आणली आणि पावसाळ्यात माळ्यावरच्या गाद्यांना कुबट वास येतो तिथे लावायला म्हणून जपून ठेवली आहे. तिथे ती कामाला येते, हे मलाही कबूल आहे.